प्रतिसाद: यंग-हेचे मौन आणि झाड होणे

हान कांग यांच्या ‘द व्हेजिटेरियन’ या २००७ सालच्या कोरियन कादंबरीतील यंग-हेचा मांसत्याग हा शाकाहाराचा पुरस्कार आहे, असे एका चर्चेत म्हटले गेले आहे. मला ते पटत नाही. एका स्वप्नानंतर ती फ्रीजमधले सगळे मांस फेकून देते, पण कुणालाही तसे करा म्हणून सांगत नाही. नवऱ्याच्या अंगाला मांसाचा वास येतो म्हणून ती त्याला दूर ठेवते, आणि कौटुंबिक जेवणात वडील थोबाडीत मारून तिच्या तोंडात बळेच मांस कोंबतात, तेव्हा ती सुरीने स्वतःचे मनगट कापते. तिची माघार आहाराकडून नात्यांकडे आणि अखेर माणूसपणाकडेच सरकत जाते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

कादंबरीचे तीन भाग अनुक्रमे नवरा, मेहुणा (बहिणीचा नवरा) आणि बहीण इन-हे यांच्या नजरेतून येतात. यंग-हेचा स्वतःचा आवाज पहिल्या भागातल्या स्वप्नांच्या तुकड्यांपुरताच उरतो. मेहुणा तिच्या अंगावर फुले रंगवतो तेव्हा त्याला तिचे शरीर हवे असते, तिला मात्र ती फुलेच हवी असतात. पुढे मनोरुग्णालयात हातांवर उलटी उभी राहून ती अन्न नाकारते, कारण तळहातांतून मुळे फुटत आहेत आणि आता आपल्याला फक्त पाणीच पुरेसे आहे, अशी तिची धारणा झालेली असते. या रूपांतराला केवळ मुक्ती म्हणणे मला क्रूर वाटते, कारण तिला जबरदस्तीने नळीवाटे अन्न देताना पाहणारी इन-हेही त्याच घरात, वडिलांचा मार यंग-हेला सोसताना पाहत वाढलेली असते.