फॅक्टोरिओ (कारखाना उभारायचा व्हिडिओ गेम): हिरव्या सर्किटचे दोन ब्लॉक मिनिटाला ३०० वर अडकलेत

हळदपेठ_सांगली
हिरव्या सर्किटचे दोन ब्लॉक शेजारीशेजारी बांधलेत. प्रत्येकात केबलचे ३ आणि सर्किटचे २ असेंब्लर (माल बनवणारी यंत्रं), सगळे दुसऱ्या पातळीचे, म्हणजे असेंब्लर २. हिशेबानं मिनिटाला ३६० सर्किट यायला पाहिजेत, ग्राफ ३०० वरून हलत नाही. दुसऱ्या ब्लॉकमधले केबलवाले थांबत थांबत चालतात. वीज पुरेशी आहे, बेल्ट पिवळे. तांब्याला ३० दगडी भट्ट्या, सगळ्या एका ओळीत. ओळीच्या एका बाजूनं खनिज-कोळशाचा बेल्ट (एक लेन, म्हणजे बेल्टची अर्धी बाजू, खनिज, एक लेन कोळसा), दुसऱ्या बाजूनं प्लेटचा. ३० × ०.३१२५ म्हणजे सेकंदाला ९.३७ प्लेट, आणि लागतात ९. मग कमी कुठं पडतंय? ब्लॉकची जागाही वाचवायची आहे, मांडणी सुचवा.

अजिंक्यतारा_७
पहिल्यांदा इन्सर्टर (माल उचलून ठेवणारे हात) बघ की. असेंब्लर २ चा वेग ०.७५, म्हणजे सर्किटचा एक असेंब्लर सेकंदाला १.५ सर्किट काढतो आणि ४.५ केबल खातो. पिवळा इन्सर्टर संशोधनाच्या बोनसशिवाय सेकंदाला ०.८३ नग उचलतो, निळा (वेगवान) २.३१. केबलच्या एका असेंब्लरचे ३ नग एकट्या निळ्यालाही झेपत नाहीत. तिथं दोन निळे लागतात.

कृष्णाकाठ
इन्सर्टर कमी असते तर दोन्ही ब्लॉक सारखेच मंदावले असते. इथं पहिला पोटभर जेवतोय आणि दुसरा उपाशी आहे, म्हणजे तांबंच कमी येतंय. ३०० हा आकडाच सगळं सांगतोय बघ. मिनिटाला ३०० म्हणजे सेकंदाला ५ सर्किट, त्याला १५ केबल, त्याला ७.५ तांब्याच्या प्लेट. पिवळा बेल्ट १५ नेतो, पण एक लेन ७.५ च.

इन्सर्टर माल नेहमी बेल्टच्या पलीकडच्या लेनवर टाकतो. सगळ्या भट्ट्या बेल्टच्या एकाच बाजूला असल्यामुळं प्लेट एकाच लेनवर पडतायत. गळीत हंगामात दोन पदरी रस्ता असून उसाच्या ट्रॉल्या एकाच पदरात लागाव्यात तसं. एक लेन भरायला २४ भट्ट्या बास होतात, उरलेल्या ६ कामाला येत नाहीत.

पण नुसत्या त्या ६ उचलून पलीकडं ठेवल्या आणि त्याच बेल्टवरून खनिज दिलं, तरी ३०० च राहील. खनिजसुद्धा एकाच लेनवर आहे, तिथंही ७.५ च मिळतं. एका प्लेटला एक खनिज लागतं, त्यामुळं दोन्ही अडथळे नेमके एकाच आकड्यावर येतात आणि एक काढला की दुसरा उभा राहतो. एका ओळीतच स्टीलच्या १५ भट्ट्या लावल्यास तरीही तेच, कारण लेन तीच.

१५-१५ च्या दोन ओळी कर. प्लेटचा बेल्ट मधोमध, बाहेरून प्रत्येक ओळीला स्वतंत्र खनिज-कोळशाचा बेल्ट. मग प्रत्येक लेनवर ४.६९ चाच भार येतो. कोळशाची चिंता नको, तिसाही भट्ट्या मिळून सेकंदाला ०.६७५ च जाळतात.

अजिंक्यतारा_७
बरोबर, लेनच आहे. मांडणी सांगतो. ९ घरं (जमिनीचे चौकोन) रुंदीत केबलचे तीन असेंब्लर चिकटून ठेव. खाली इन्सर्टरसाठी एक ओळ सोडून सर्किटचे दोन: पहिला २ ते ४ या घरांत, दुसरा ६ ते ८ मध्ये. असं एक घर सरकवलं की प्रत्येक सर्किटवाल्यासमोर कडेच्या केबलवाल्याची दोन घरं आणि मधल्याचं एक घर येतं. २, ३, ४, ६, ७, ८ या सहा घरांत निळे इन्सर्टर. कडेचे दोन मिळून ३ केबल देतात, मधला दोन्हीकडं १.५-१.५. केबल बेल्टवर येतच नाही.

पाचव्या स्तंभात, दोन सर्किटवाल्यांच्या मधल्या घरात विजेचा मध्यम खांब. त्याची वीज पोचते त्या ७×७ घरांत पाचही असेंब्लर आणि खालचे इन्सर्टर येतात. वर तांब्याच्या इन्सर्टरच्या ओळीत, त्याच पाचव्या स्तंभात दुसरा खांब. हे इन्सर्टर २, ४, ८ या घरांत घे, खांबाच्या टप्प्यात राहतील. पुढचा ब्लॉक लगेच चिकटव, खांबांत ९ घरांचं अंतर पडतं आणि तार तेवढी पोचते.

खालच्या एकाच बेल्टवर दोन्ही कामं होतात. असेंब्लरच्या बाजूनं लोखंडाचा बेल्ट आडवा जोडला की लोखंड जवळच्या लेनवर पडतं, सर्किट आपोआप पलीकडच्या लेनवर जातं. वरचा तांब्याचा आणि हा खालचा असे दोन बेल्ट धरून सगळं ११ × ९ घरांत बसतं.

हळदपेठ_सांगली
दादा, भट्ट्या १५-१५ केल्या, ग्राफ ३६० वर आला. त्याच बेल्टवर तिसरा ब्लॉक जोडला तर चालेल का?

कृष्णाकाठ
नाही. तीन ब्लॉकला लोखंड ९ लागतं आणि सर्किटही ९ निघतं, दोन्ही लेन ७.५ च्या. तांब्याचे तर १३.५ होतात, म्हणजे दगडी भट्ट्या ४४. पिवळ्यावर दोनच ठेव, तिसऱ्याला खालचा बेल्ट लाल (जास्त वेगाचा) टाक. आणि शेवटी सर्किट पेटीत भरत असशील तर तिथं फिल्टर लाव, साधा इन्सर्टर लोखंडही उचलून आत टाकतो.