मदत हवी आहे: सोसायटीच्या जनरेटरची बॅटरी कधी चार्ज होते, कधी अजिबात नाही

नमस्कार मंडळी,

ठाण्यातली सात मजली सोसायटी. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांच्यासाठी ६२.५ केव्हीएचा डिझेल जनरेटर आहे. १२ व्होल्टची बॅटरी, साधं किल्लीचं पॅनेल, ऑटो स्टार्ट नाही. दिवाळीपासून बॅटरी वरचेवर उतरते. लाईट गेली की सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) नुसता टक टक करतो आणि नेमकं त्याच वेळी कोणीतरी लिफ्टमध्ये अडकलेलं असतं!

मीटर लावून घेतलेले आकडे:

इंजिन बंद, सकाळी: १२.१ व्होल्ट
इंजिन चालू, चार्जिंग होत नसताना: १२.०, आणि हळूहळू खाली
इंजिन चालू, चार्जिंग होत असताना: १४.१

चार्जिंगचा लाल दिवा किल्ली फिरवली की लागतो, पण इंजिन सुरू झाल्यावरही तसाच राहतो. मेकॅनिकने हाताने लिव्हर ओढून इंजिनाचा वेग जरा वाढवला की दिवा विझतो आणि मग बंद करेपर्यंत चार्जिंग व्यवस्थित चालतं. पुढच्या वेळी पुन्हा तेच रडगाणं.

बॅटरी नवीन आहे, दुकानात तपासून आणली. लग (बॅटरीच्या वायरींची टोकं) घासून, पेट्रोलियम जेली लावून घट्ट केले. मेकॅनिक म्हणतो डायनामो (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा) गेला, नवा टाका. खर्च मंजूर करायला कमिटी बसणार आहे, म्हणजे चहा दोनदा होणार आणि निर्णय पुढच्या महिन्यात. त्याआधी आणखी काय तपासू?

शेतीपंप: बेल्ट बघा आधी. सैल असेल तर वेग वाढवल्यावर चिरकतो.

धागाकर्ता: बेल्ट नवा आहे दादा, ताणही ठीक आहे. आवाज नाही.

वायरमन_सातारा: बेल्ट नसणार. घसरणारा बेल्ट वेग वाढवल्यावर जास्तच घसरतो, इथे उलट चार्जिंग सुरू होतंय. आणि एकदा सुरू झाल्यावर १४.१ टिकतंय, म्हणजे डायनामोतले डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारे) आणि रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा) बहुतेक शाबूत आहेत. डायनामो इतक्यात बदलू नका. दिवाळीच्या सुमारास पॅनेलमध्ये काही काम झालं होतं का?

धागाकर्ता: हो, पॅनेल रंगवून घेतलं, तेव्हा जुने बल्ब काढून सगळीकडे एलईडी इंडिकेटर बसवले. त्याचा काय संबंध?

वायरमन_सातारा: सगळा संबंध तिथेच आहे. तो लाल दिवा फक्त बघण्यासाठी नसतो. किल्ली फिरवल्यावर बॅटरीचा करंट त्या बल्बमधून डायनामोच्या डी प्लस टर्मिनलला जातो, रोटरमध्ये, म्हणजे डायनामोच्या फिरणाऱ्या भागात, थोडं चुंबकत्व तयार करतो आणि त्यावर चार्जिंग सुरू होतं. १२ व्होल्ट ३ वॉटचा बल्ब साधारण २५० मिलीअँपिअर सोडतो, एलईडी जेमतेम २०. तेवढ्यात रोटर जागा होत नाही. वेग वाढवल्यावर लोखंडात उरलेल्या चुंबकत्वावर तो कसाबसा उठतो. लोड टाकलेला असताना लिव्हर ओढू देऊ नका मात्र, ५० हर्ट्झच्या वर गेलं तर पंपाच्या मोटरला त्रास.

खात्री अशी करा. इंजिन बंद ठेवून ३ वॉटचा फिलामेंटचा बल्ब एलईडीला समांतर जोडा आणि किल्ली फिरवा. बल्ब नीट पेटला तर इंजिन सुरू करा, दोन्ही दिवे लगेच विझले की आजार सापडला. बल्ब पेटलाच नाही तर डी प्लसची वायर काढून इंजिनाच्या बॉडीला टेकवा. आता पेटला तर वायर ठीक, डायनामोचे ब्रश (रोटरला करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे) संपले असतील. ते बदलणं नव्या डायनामोपेक्षा कितीतरी स्वस्त. शेजारच्या जाड वायरीला, म्हणजे बी प्लसला, पाना लागू देऊ नका, तिथे बॅटरी थेट असते. आणि चार्जिंग होतंय का हे बघायला चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढण्याची काही मेकॅनिकांना खोड असते. त्या झटक्यात धडधाकट डायोडही उडतात.

धागाकर्ता: साहेब, बल्ब जोडला. इंजिन उचलल्याबरोबर दोन्ही दिवे विझले, लिव्हरला हात न लावता १४.१! आता बल्ब कायमचा ठेवू की दुसरा उपाय आहे?

वायरमन_सातारा: बल्ब ठेवला तरी चालेल, पण फ्यूज झाला की पुन्हा हीच कथा. त्याऐवजी ४७ ओहम, १० वॉटचा रेझिस्टर एलईडीला समांतर टाका. इंजिन चालू झाल्यावर दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज येतं, त्यामुळे तो तापत नाही. किल्ली चालू आणि इंजिन बंद असं राहिलं तर मात्र तापेल आणि बॅटरीही खाईल. म्हणून वायरींपासून लांब, पत्र्यावर बसवा आणि वॉचमनला किल्ली काढून ठेवायला सांगा.

बॅटरी आत्ता निम्मी रिकामी आहे. १२.६ च्या पुढे जाऊन टिकेपर्यंत बाहेरून चार्ज करून घ्या, आठवड्याच्या दहा मिनिटांच्या ट्रायलने ती भरणार नाही. पॅनेलमध्ये मेनवर चालणारा चार्जर आहे का?

धागाकर्ता: डबा आहे, पण त्याचा दिवा लागत नाही. उद्या फ्यूज आणि आउटपुट तपासून इथेच लिहितो.

वायरमन_सातारा: चार्जर जोडलेला असताना बॅटरीवर १३.५ च्या आसपास दिसलं पाहिजे. मोजायच्या आधी किल्ली खिशात ठेवा.