दुसऱ्यांच्या रील्समधून नक्की काय टिपायचं?

कांदालसूण: कोल्हापुरात घरगुती कांदा-लसूण मसाला विकते (आम्ही चटणीच म्हणतो). आठ दिवस रोज रात्री बाकीच्या मसालेवाल्यांची रील्स बघतेय. वही घेऊन बसते आणि तासाभरानं कुणाच्यातरी हळदीचा नाच बघत असते! वहीत काहीच नाही.

वाणीबुवा: वेगळं खातं काढा, फक्त मसालेवाल्यांना फॉलो करा. नुसते व्ह्यूज बघू नका. त्या खात्याच्या नेहमीच्या आकड्याच्या तिप्पट गेलेलं रील तेवढं उघडा, पहिले ३ सेकंद आवाज बंद करून बघा.

बरणी: ताई, कमेंटी वाचा हो. मी लोणचं विकते. एका मोठ्या खात्याखाली "तेल कुठलं वापरता?" असं कितीजणांनी विचारलेलं, उत्तर एकालाही नाही. मी घाण्याच्या तेलाचा डबाच कॅमेऱ्यापुढं उघडला. त्या आठवड्यात फोन थांबेना.

वाणीबुवा: आणि मेटाची (फेसबुक-इन्स्टावाली कंपनी) ॲड लायब्ररी बघा, कोण कुठली जाहिरात चालवतंय ते तिथं दिसतं, फुकट आहे. चालू जाहिरात कधी सुरू झाली ती तारीख दिसते. एखादा मसालेवाला एकाच जाहिरातीवर दोन महिने पैसे घालतोय म्हणजे बहुतेक वसूल होत असणार.

कांदालसूण: कांडपावर मिरची कुटताना मावशींना जो ठसका लागतो, तो कुणीच दाखवलेला नाही. उद्या जाते. मावशी तयार झाल्या तर.