कामवाल्या मावशींचा वेगळा कप : अपमान की नुसती सवय?

रानजाई :
आमच्याकडे सात वर्षं मावशी येतात, धुणंभांडी आणि फरशी. सासूबाईंनी पहिल्या दिवसापासून त्यांचा चहाचा कप वेगळा ठेवलाय, कान तुटलेला, ओट्याखाली फिनेलच्या बाटलीशेजारी. मी रोज बघत होते आणि रोज गप्प बसत होते, हे आधी कबूल करते. मागच्या आठवड्यात पाच वर्षांची भाची आलेली, तिने हट्टाने मावशींना स्वतःच्या फुलाफुलांच्या कपात चहा दिला. मावशींनी सासूबाईंकडे बघितलं, चहा आपल्या कपात ओतून घेतला आणि तो फुलांचा कप लगेच घासून पालथा घातला. कुणी एक शब्द बोललं नव्हतं हो! पोटात कालवलं माझ्या. घरातला प्रत्येक कप हीच बाई रोज घासते, मग तिने त्यातून प्यायलं तर काय बिघडतं? तुमच्याकडे काय पद्धत आहे?

सदाशिव_काका :
एवढं मनाला लावून घेऊ नका. चार घरं फिरून येतात, खोकला-सर्दी असते, स्वच्छतेसाठी ठेवतात लोक वेगळा कप. माझाही कप घरात वेगळाच आहे. आम्ही दिवाळीला अख्खा पगार बोनस देतो, बाईंच्या मुलीची फी भरली, ते काहीच नाही का? कपावरून माणसाची नियत काढू नका.

वाघोलीची_लेक :
काका, तुमचा कप तुम्ही निवडलाय आणि तो फिनेलशेजारी नसतो. माझी आई 22 वर्षं पुण्यात धुणंभांडी करायची. एका घरी पाणी मागितलं तर वरून ओंजळीत ओतायचे, तेव्हापासून कुठेच पाणी मागितलं नाही तिने, भर उन्हात घरी येऊन माठाशी उभी राहायची. एका बाईंनी माझी फी भरली, त्यांचे उपकार आई आजही मानते, पण त्यांच्याकडेही वेगळा कप होता म्हणून "आत्ताच पिऊन आले" असं खोटं सांगून चहा टाळायची. 1927 साली बाबासाहेब महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायले ते काय तहान लागली म्हणून? आम्हीही माणसं आहोत हे दाखवायलाच ना!

हिशोबी :
पटतंय, पण कप बदलून आपलं मन हलकं होतं, मावशींचं काय? 1980 मध्ये पुण्यात मोलकरणींनी संप केला तेव्हा पगारवाढ आणि सुट्टी मागितली होती, कप नाही. 2008 पासून महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा आहे, तुमच्या मावशींची नोंदणी झालीये का ते बघा आधी. भरपगारी रजा द्या, खाडे कापू नका. मान त्यात आहे.

वाघोलीची_लेक :
रजा हवीच, त्यावर वादच नाही. पण खाडे कुणी किती कापले ते आई विसरली, ती ओंजळ नाही विसरली.

रानजाई :
नोंदणीचं मावशींना विचारलं, त्यांना माहीतच नव्हतं, आता कागद गोळा करतोय. रविवारची सुट्टी एक तारखेपासून, पगार न कापता. तो कप आज टाकून दिला आणि सहा सारखे आणले. मावशी म्हणाल्या, "ताई, आजी काय म्हणतील?" सासूबाई समोरच होत्या, काही न बोलता उठून आत गेल्या. मावशींनी नव्या कपातून चहा घेतला, पण उभ्यानेच. मी खुर्ची पुढे केली होती.