वाचन-अक्षमता असलेल्या पाचवीतील मुलाची परीक्षा कशी घ्यावी? सल्ला हवा

रापणकाठची बाई

नमस्कार. मी वेंगुर्ले तालुक्यातील एका लहान शाळेत शिकवते. माझ्या पाचवीच्या वर्गात रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढून मासे धरायला, जाणाऱ्या घरातला एक मुलगा आहे. तिथीची पाऊणपट करून तो भरतीची वेळ तोंडी सांगतो. चतुर्थीला साधारण तीन, अष्टमीला सहा, हा हिशेब त्याला बोटांवर मोजावा लागत नाही. मात्र त्याच विषयाचा पाठ समोर ठेवला की ‘भरती’ची ‘मरती’ होते, ‘गलबता’चे ‘गबलत’ होते आणि जोडाक्षर आले की तो खिडकीबाहेर पाहू लागतो. परिसर अभ्यासाच्या चाचणीत त्याला 20 पैकी 3 गुण मिळाले. ते गुण मांडताना माझा हात अडला, कारण त्यातली बहुतेक उत्तरे त्याने मला आदल्याच आठवड्यात तोंडी दिली होती. पाचवीला आता वार्षिक परीक्षा आहे. हा सरावाचा अभाव आहे की वाचन-अक्षमता, हे वर्गात कसे ओळखावे आणि तोपर्यंत त्याचे मूल्यमापन कसे करावे?

विशेष शिक्षक, रत्नागिरी

बाई, सर्वांत आधी डोळे आणि कान तपासून घ्या. कान वाहत असलेल्या मुलाला ध्वनींमधला फरक नीट ऐकू येत नाही आणि आपण मात्र त्याच्या वाचनाला दोष देत बसतो. त्यानंतर एक उतारा तुम्ही मोठ्याने वाचून त्यावर प्रश्न विचारा आणि तेवढाच कठीण दुसरा उतारा त्याला स्वतः वाचायला देऊन प्रश्न विचारा. ऐकून सगळे कळते, पण वाचून हाती काही लागत नाही असे दिसले, तर अडचण समजण्यात नसून अक्षरे उलगडण्यात आहे. मग ‘टोमक’, ‘लिसव’, ‘धाणुरे’ असे अर्थ नसलेले शब्द वाचायला द्या. हुशार मुले ओळखीचे शब्द चित्रासारखे लक्षात ठेवतात, त्यामुळे पाठ्यपुस्तकावर घेतलेली वाचनचाचणी फसवते. निरर्थक शब्दांना पाठांतराचा आधार मिळत नाही.

घरी मालवणी बोलणारे मूल ‘कुठे’ या शब्दाला ‘खंय’ वाचत असेल, तर ती चूक धरू नका. त्याने शब्द वाचला, अर्थ लावला आणि तो आपल्या भाषेत सांगितला, म्हणजे वाचनाचे काम पुरे झाले. आपल्या भागात या एका गोष्टीपायी कितीतरी मुलांवर ‘अप्रगत’ असा शिक्का बसतो.

राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेले ‘डाली’ हे वाचन-अक्षमता तपासण्याचे साधन मराठीतही आहे आणि त्यात पहिली-दुसरी व तिसरी ते पाचवी यांसाठी शिक्षकांनी भरावयाच्या वेगवेगळ्या चाळणी-प्रश्नावल्या आहेत. त्यातून निदान होत नाही. पुढे कोणाला पाठवायचे, एवढेच कळते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, वाचन-अक्षमता हा तिचाच एक प्रकार. तिचे प्रमाणपत्र शासकीय यंत्रणेकडूनच मिळते आणि 14 व्या व 18 व्या वर्षी फेरतपासणी करावी लागते.

एक आई, गुहागर

माझ्या मुलाचे निदान सातवीत झाले. एका रुग्णालयात आम्ही तीन हेलपाटे घातले, कारण दोन वेळा तपासणारे जागेवर नव्हते आणि तिसऱ्या वेळी शाळेचा अहवाल मागितला गेला, जो आमच्याकडे नव्हता. म्हणून बाई, त्याच्या शुद्धलेखनाच्या वह्यांच्या झेरॉक्स आणि तुमच्या तारीखवार नोंदी आजपासूनच एका फायलीत ठेवा. दहावीला माझ्या मुलाला दर तासामागे 20 मिनिटे जादा वेळ आणि लेखनिक मिळाला. परंतु लेखनिकाला उत्तर सांगणे हे स्वतंत्र कौशल्य आहे, हे आम्हाला सराव परीक्षेत समजले: तो इतक्या भरभर बोलायचा की लिहिणारी मुलगी दुसऱ्याच वाक्यात अडकून राहायची. चार-पाच बैठकांनंतर त्यांची गती जुळली.

निवृत्त गुरुजी

सगळेच तोंडी घेतले, तर मूल वाचायला शिकणार कधी? सवलतीची सवय लागते, हे मी पाहिले आहे. शिवाय तोंडी उत्तराचा कागद राहत नाही. उद्या केंद्रप्रमुखांनी विचारले, तर बाई काय दाखवतील?

विशेष शिक्षक, रत्नागिरी

गुरुजी, तुमची शंका भाषेच्या तासापुरती रास्त आहे. तेथे वाचनच मोजायचे असते, म्हणून ते तोंडी उत्तरांआड लपवू नये. महिन्याला एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले, याची नोंद ठेवून त्याची तुलना त्याच्याशीच करावी. परिसर अभ्यासात मात्र भरती का येते हे मोजायचे असते, तेथे प्रश्न वाचून दाखवल्याने काहीही बिघडत नाही. कागदाचे म्हणाल, तर त्याचे उत्तर बाईंनी त्याच्याच शब्दांत प्रश्नाखाली लिहावे, ‘तोंडी’ असा शेरा मारून तारीख घालावी.

शिकवण्याबाबत सांगायचे, तर भ आणि म एकत्र शिकवू नका. म पक्का होऊ द्या, मध्ये आठवडा जाऊ द्या, मग भ घ्या आणि भ ची शिरोरेखा तुटलेली असते, याकडे लक्ष वेधा. घ आणि ध यांतही तीच खूण उपयोगी पडते. ऱ्हस्व वेलांटी लिहिताना आधी येते आणि उच्चारताना नंतर, म्हणून अशा मुलांना ती फार छळते. तिला स्वतंत्र दिवस द्या. पुळण जवळच आहे, तेव्हा ओल्या वाळूत अक्षर हातभर मोठे काढायला लावा आणि काढतानाच त्याचा उच्चार करायला सांगा. रोज वीस मिनिटे पुरतात. तयारीशिवाय चारचौघांत मोठ्याने वाचायला मात्र लावू नका.

रापणकाठची बाई

सर्वांचे आभार. काल दोन उताऱ्यांचा प्रयोग केला. ऐकलेल्या उताऱ्यावरील पाचही उत्तरे बरोबर आली, वाचलेल्यावरील एक, आणि तेही चित्र पाहून दिलेले. ‘लिसव’ त्याने ‘सलिव’ वाचले. चाचणी पुन्हा घेतली, प्रश्न मी वाचले, उत्तरे त्याच्या शब्दांत लिहून घेतली, गुण 16. गुरुजी, दोन्ही कागद एकत्र टाचून ठेवले आहेत. कानांची तपासणी सोमवारी आहे. तोपर्यंत आमचा म चालू आहे.