मदत हवी आहे: कडुनिंबाचे चांदीचे नॅनोकण ग्लास आयोनोमर या दात भरायच्या सिमेंटमध्ये मिसळताना

दंतसाहित्यात काम करणाऱ्यांना विचारतोय. कडुनिंबाच्या पानांच्या अर्कात सिल्व्हर नायट्रेट घालून चांदीचे नॅनोकण तयार केलेत. द्रावण तपकिरी झालं, ४२० नॅनोमीटरच्या आसपास शोषणाचं शिखरही आलं, म्हणजे कण तयार झालेत. खरी गोची पुढे आहे.

वाळवलेले कण सिमेंटच्या पावडरमध्ये घोटले की गुठळ्या होतात आणि घट्ट झालेल्या सिमेंटवर करडे ठिपके दिसतात. पुढच्या दातात असलं फिलिंग कोण बसवून घेणार? त्याऐवजी कण पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्लाच्या द्रावात (ज्यात ही पावडर कालवतात) आधीच विखुरले तर चालेल का? कणांवर चिकटलेली अर्कातली पॉलिफेनॉल्स (पानांतली संयुगं) सेटिंगमध्ये, म्हणजे सिमेंट घट्ट होण्यात, लुडबुड करतील, अशी मला शंका आहे. दाबसामर्थ्याच्या (सिमेंट किती दाब सोसतं त्या) चाचणीसाठी ४ मिमी व्यासाचे, ६ मिमी उंचीचे नमुने करतोय.

दुसरं, दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स या जिवाणूवर आगर डिफ्यूजन (जिवाणू वाढवलेल्या आगरवर नमुना ठेवून भोवती जिवाणूरहित वलय पडतं का ते पाहणं) पुरेसं आहे का? सिमेंटमध्ये अडकलेले कण बाहेर फारसे झिरपत नाहीत, आणि ग्लास आयोनोमर स्वतःच फ्लोराइड सोडतं, त्यामुळे वलय दिसलं तरी श्रेय कुणाला द्यायचं? नुसतं सिमेंट आणि सिमेंट अधिक नुसता अर्क, असे दोन्ही कंट्रोल (तुलनेचे नमुने) ठेवणार आहे. थेट संपर्क चाचणी (जिवाणू थेट सिमेंटच्या पृष्ठभागावर ठेवून) कुणी केली असेल तर नमुन्याचा पृष्ठभाग कसा तयार केलात, तेवढं सविस्तर सांगा.