मालदीवमधल्या टूरिझमचा पैसा गरिबांपर्यंत पोचतो का?

भटक्या_७७: नुकताच मालदीवला जाऊन आलो, रिसॉर्टवर वेटर, क्लीनर बरेचसे बांगलादेशी, मग तिथल्या लोकांना नक्की काय मिळतं?

सागरगोटा: १९७२ पासून मॉडेलच तसं आहे ना, एक बेट एक रिसॉर्ट, टूरिस्ट विमानतळावरनं थेट तिकडे, गावातल्या टपरीवर चहासुद्धा पीत नाही. भाजी, फळं, पीठ बहुतेक सगळं बाहेरून येतं. सरकारला भाडं आणि टॅक्स मिळतो, पण तो खाली किती झिरपतो देव जाणे.

मीठभाकर: २००९ च्या आसपास लोकवस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊसला परवानगी दिली तेव्हापासून चित्र बदललंय बरं का. माफुशी बेटावर राहून बघा, घरमालक, बोटवाला, डायव्हिंगवाला बरेचसे तिथलेच. अर्थात ज्याची जागा बीचजवळ त्याची चांदी, मागच्या गल्लीतला तसाच, आणि अशा बेटांवर दारूबंदी असल्याने पैसेवाला टूरिस्ट रिसॉर्टवरच जातो.

सागरगोटा: @मीठभाकर हो, आपल्या तारकर्लीतल्या घरगुती खोल्यांसारखंच, सुरमईचं ताट घरच्याच बाईच्या हातचं, पैसा तिथेच राहतो. पण जमीन विकली की संपलं, मग स्वतःच्याच वाडीत वॉचमन!

भटक्या_७७: पुढच्या वेळी माफुशी. फेरी मिळते का मालेहून?

मीठभाकर: मिळते, स्वस्त आहे पण हळू. शुक्रवार सुट्टीचा, त्या दिवशी जाणार असाल तर आधी विचारून घ्या.